आरसा कोण फिरवणार? : स्वयंचलित सूर्यचुलीची एक समीक्षा

आमच्या शहरात पत्ता सांगताना ‘क्रांती चौकातून आत या’ एवढे म्हटले की पुढचे रिक्षावाल्यावर सोपवता येते. जालना रोड, त्यावरचा उड्डाणपूल, शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आणि जवळच काळा चबुतरा. १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या घोडदळातील शिपायांना इथे मृत्युदंड दिला गेला. चौकाच्या नावातली क्रांती ती. पण आपल्या ज्योतिर्गणितात याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे. खगोलीय विषुववृत्तापासून सूर्य जितका उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो, त्या कोनाला ‘क्रांती’ म्हणतात, आणि सूर्याच्या वार्षिक वाटेला ‘क्रांतिवृत्त’. ही क्रांती वर्षभरात साडेतेवीस अंश उत्तर ते साडेतेवीस अंश दक्षिण अशी हेलकावते. आमचे शहर जवळपास वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात एकेक दिवस असा येतो, की माध्यान्ही चौकातल्या दिव्याच्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यातच नाहीशी होते. डिसेंबरात तोच सूर्य माध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या वर चढत नाही.

या दुसऱ्या क्रांतीशी माझा व्यवसायाने संबंध आला. मी चौकाच्या मागच्या गल्लीत राहतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यंत्ररचना शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरही प्रकल्प तपासायला मला बोलावतात. ‘स्वयंचलित सौर कुकर’ हा विषय दरवर्षी एका तरी गटाकडे असतोच. आता ते अहवाल मला न उघडताही वाचता येतात. पहिल्या पानावर इंधनटंचाई, दुसऱ्यावर सूर्याची अमर्याद ऊर्जा, मग चौकटी आणि बाण यांची आकृती, मग गच्चीवर यंत्राभोवती उभ्या असलेल्या चौघांचे छायाचित्र. शेवटी निष्कर्ष : ‘हा कुकर वापरण्यास सोयीस्कर, स्वच्छ व किफायतशीर आहे.’ खाली माझी सही. ‘सोयीस्कर कोणाला?’ हा प्रश्न मी त्या सह्यांच्या काळात एकदाही विचारला नाही. हा लेख म्हणजे उशिरा विचारलेला तो प्रश्न आहे.

साहित्याच्या अंकात चुलीची समीक्षा कशाला, असे वाचकांना वाटेल. पण इथे उपयोगी पडणारे हत्यार मी साहित्याच्याच समीक्षेतून उचलले आहे. प्रत्येक कथा-कादंबरीच्या पोटात एक ‘अभिप्रेत वाचक’ असतो, असे आपले समीक्षक सांगत आले आहेत. लेखकाने त्याचे नाव घेतलेले नसते, पण वाक्यावाक्यातून तो गृहीत धरलेला असतो. यंत्राच्या आराखड्यातही असा एक माणूस गृहीत धरलेला असतो. त्याला किती वेळ आहे, त्याचे गुडघे कसे आहेत, दुपारी बारा वाजता तो कुठे असतो, हे सारे कागदावर न लिहिता ठरवून टाकलेले असते. सूर्यचुलीच्या इतिहासातला हा अभिप्रेत माणूस शोधायचा, एवढाच या लेखाचा हेतू.

पेटी आणि जिना

केंद्र सरकारने १९८२ साली अपारंपरिक ऊर्जा विभाग स्थापन केला आणि त्या दशकात पेटीच्या आकाराच्या सौर कुकरला अनुदान मिळू लागले. मी नव्या नोकरीच्या उत्साहात एक पेटी घरी आणली. साधारण अर्धा मीटर लांब-रुंद, आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाच्या आतल्या बाजूस आरसा आणि आत चार काळे डबे. एकात वरण, एकात भात, एकात बटाटे. चौथ्यात आई शेंगदाणे भाजून पाही, आणि ते खरोखरच छान होत.

या पेटीचे गणित साधे आहे. तिची काच पाव चौरस मीटर. चांगल्या उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे ८०० वॅट पडतात, म्हणजे काचेवर २००. त्यातला पाव-तिसरा हिस्सा अन्नापर्यंत पोचतो, म्हणजे पन्नास-साठ वॅट. मेणबत्तीच्या एका ज्योतीची उष्णता साधारण त्याच पातळीची असते. गॅसची मध्यम शेगडी दीड-दोन हजार वॅट देते. तरीही त्या ज्योतीएवढ्या उष्णतेवर दोन-तीन तासांत दोन किलो अन्न शिजते. कारण शिजण्याला जाळ लागत नाही, तापमान लागते. एक किलो पाणी उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. तेच पाणी वाफ करून उडवून द्यायला २२५७, म्हणजे सातपट. उघड्या पातेल्यावर आपण बराचसा गॅस वाफ उडवण्यात घालवतो. बंद पेटीत ती उधळपट्टी होत नाही. शास्त्र म्हणून ही रचना सुंदर आहे, आणि तिचे मूळ १७६७ साली जिनिव्हाच्या होरास द सोस्यूर यांनी केलेल्या काचेच्या उष्णपेटीपर्यंत जाते.

आता दुसरे गणित. आमचे स्वयंपाकघर तळमजल्यावर, पेटी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर. सकाळी साडेनऊला डबे भरून वर न्यायचे. काच पुसायची. साडेदहाला आरशाचा कोन बदलायचा. अकराला माकडे आली का ते पाहायचे. साडेअकराला पेटी फिरवायची. मध्येच ढग आला तर वर जाऊन अंदाज घ्यायचा, की आता खाली कुकर लावावा का. एकला डबे उतरवायचे, फडक्याने धरून, कारण ते हाताला चटका देतात. मग फोडणी खालीच, भाकरी खालीच. पहिल्या उन्हाळ्यात आईने हे सगळे केले, कारण मुलाने हौसेने आणले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात मी विचारले, पेटी का उघडत नाहीस? ती म्हणाली, “ऊन फुकटचं आहे रे, माझे गुडघे नाहीत.” त्यानंतर त्या पेटीत सांडगे आणि मिरच्या वाळल्या, आणि पुढे जुनी वर्तमानपत्रे राहिली.

भारतीय मानक ब्यूरोचे पेटी-कुकरसाठी एक मानक आहे, आयएस १३४२९. त्यामागे मलिक, कांडपाल आणि सक्सेना यांनी १९८७ साली मांडलेली चाचणीपद्धत आहे. रिकामी पेटी उन्हात किती तापते यावरून एक गुणांक काढतात आणि पाणी भरलेल्या डब्यांसह ती किती वेगाने तापते यावरून दुसरा. पहिला गुणांक ०.१२ असेल तर ९०० वॅटच्या उन्हात आणि ३० अंशांच्या हवेत पेटीचे तापमान १३८ अंशांच्या आसपास जाते. पद्धत नेमकी आहे. मी ती वर्षानुवर्षे शिकवली. तिच्यात फक्त जिना मोजायची सोय नाही. १३८ अंशांत वरण-भात होतो. पण तव्याला दोनशेच्या घरात तापमान लागते आणि मोहरी तडतडायलाही त्याहून फार कमी चालत नाही. मराठवाड्याच्या ताटात भाकरी मुख्य आणि बाकीचे तिच्या सोबतीला. पेटीने सोबतीचे शिजवले आणि मुख्य पदार्थ तसाच खाली ठेवला, म्हणजे चूल एक होती तिथे दोन झाल्या.

सात शिपाई आणि एक मजूर

हा अभिप्रेत माणूस मला सर्वांत स्पष्ट दिसला तो शंभर वर्षे आधीच्या एका पुस्तकात, आणि तेही मुंबईत छापलेल्या. विल्यम अॅडम्स हे मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक होते. १८७८ साली त्यांनी उष्ण प्रदेशात इंधनाला पर्याय म्हणून सूर्याच्या उष्णतेवर एक पुस्तक लिहिले. फ्रान्समध्ये ऑगस्तँ मूशो यांनी अशाच यंत्रांचे प्रयोग केले होते; अॅडम्सनी ते साध्या, स्वस्त आरशांनी मुंबईच्या उन्हात करून पाहिले. त्यांची चूल आठ बाजूंच्या आरशांची, मध्ये तांब्याचे भांडे, वर काच. मुंबईत सर्वांत थंड असणाऱ्या जानेवारीत सात शिपायांचा मांस-भाजीचा शिधा तिच्यावर दोन तासांत शिजला, अशी त्यांनी नोंद केली. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी अर्धवर्तुळात अनेक सपाट आरसे उभे करून त्यांचे ऊन एका बाष्पकावर टाकले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवले.

या पुस्तकात सूर्यचुलीचा गिऱ्हाईक कोण? इंग्रज सरकारची हिंदुस्थानातली गोरी फौज. काळ्या चबुतऱ्यावरच्या शिक्षांना तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. इथल्या घराघरातल्या चुलीचा धूर त्या कल्पनेच्या केंद्रस्थानी नव्हता. आणि आरसा कोण फिरवणार? तेही ठरलेले होते. आरशांचा तो मोठा पट रुळावरून सूर्यामागे सरकवायला एक मजूर पुरे, दिवसातून तीन-चार वेळा. मजुरी स्वस्त होती, म्हणून स्वयंचलनाची गरज भासली नाही. अॅडम्सना हसण्यासाठी मी हे लिहीत नाही. उलट त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडतो. आरसा फिरवायला माणूस लागतो हे त्यांनी हिशेबात धरले. नंतरच्या आम्ही मंडळींनी तो माणूस हिशेबातून काढला आणि त्याचे काम मात्र तसेच ठेवले.

स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकाच्या आरंभी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तबकडीच्या आकाराची सूर्यचूल तयार केली. तिचा गाजावाजा झाला, ती बाजारातही आली, पण घरात रुजली नाही. तबकडी पेटीपेक्षा कितीतरी ताकदवान असते. दीड मीटर व्यासाची चांगली तबकडी भांड्याला पाचशे-सहाशे वॅट देऊ शकते, तिच्यावर तळता येते. पण ताकद एका बिंदूत गोळा केली की तो बिंदू जपावा लागतो. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांना एक. वीस मिनिटे दुर्लक्ष केले की उजेडाचा ठिपका भांड्याच्या कडेला येतो. म्हणून तबकडी दर पंधरा-वीस मिनिटांनी फिरवायची, तीही भर उन्हात उभे राहून, डोळे दिपवणाऱ्या आरशासमोर. आपल्याकडे बाई चुलीपुढे बसते, ती निदान सावलीत. इथे आराखड्याने तिला स्वयंपाकघरातून उचलून उन्हात उभे केले आणि तिच्या हातात नवे काम दिले. तिने ते नाकारले, तेव्हा अहवालांनी लिहिले की ‘जनजागृतीचा अभाव’. मला तो नकार जागृतीचाच वाटतो.

शिर्डीची गच्ची

मग सूर्यचूल महाराष्ट्रात कुठेच टिकली नाही का? टिकली. आमच्या शहरापासून रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर शिर्डी आहे. तिथल्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या गेल्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरची, म्हणजे एकूण ११६८ चौरस मीटर आरसा. त्या ऊन गोळा करून पाण्याची वाफ करतात आणि वाफ नळातून स्वयंपाकघरात येते.

या तबकडीची कल्पना वोल्फगांग शेफ्लर यांची. १९८६ साली केनियाच्या उत्तर भागात त्यांनी पहिली चालती तबकडी उभारली, आणि तिच्यावर एकाधिकार न ठेवता ती इतरांना बनवू दिली. त्यांचे खरे योगदान आरशात नाही, प्रश्न उलटा करण्यात आहे. आधीच्या तबकडीत भांडे तबकडीच्या मध्यावर टांगलेले असे. तबकडी सूर्यामागे जाई आणि स्वयंपाकी तबकडीमागे. शेफ्लर यांनी उजेडाचा ठिपका एका जागी स्थिर ठेवला आणि तबकडीला पृथ्वीच्या अक्षाशी समांतर अशा दांड्याभोवती फिरवले. सूर्य कुठेही असो, ऊन भिंतीतल्या एकाच झरोक्यातून चुलीवर पडते. रोजची पंधरा-पंधरा अंशांची चाल घड्याळासारख्या यंत्रावर सोपवली. सुरुवातीच्या तबकड्यांत तर सायकलचे सुटे भाग आणि वजनाने खाली उतरणारी दोरी एवढ्यावर हे घड्याळ चाले.

मात्र एक काम हाती राहिले, आणि तेच आमच्या चौकाच्या नावाचे. सूर्याची क्रांती रोज थोडी बदलते, त्यामुळे दर काही दिवसांनी तबकडीचा बाक आणि कल पाना घेऊन बदलावा लागतो. दिवसाची चाल यंत्राने केली, वर्षाची चाल माणसाने.

शिर्डीत हे जमते, कारण तिथे आरशाची देखभाल ही पगारी नोकरी असते. काच धुणे, पाना लावणे, ढगाळ दिवशी बाष्पकाला जोड देणे ही कामे कुणाच्या तरी कामाच्या तासांत लिहिलेली असतात. आत डाळ घोटणाऱ्या आचाऱ्याला वाफ उन्हाची आहे की इंधनाची, हे कळायचेही कारण नाही. लातूरच्या महानंद डेअरीत २००६ साली आयआयटी मुंबई आणि क्लिक या संस्थेने उभारलेल्या ‘अरुण’ या सुमारे १६० चौरस मीटरच्या तबकडीचे तत्त्व तेच. ती दोन्ही अक्षांवर आपोआप फिरे, आणि तिची उष्णता दुधाच्या पाश्चरीकरणाला वापरली गेली. धुळ्यात प्रा. अजय चांडक यांनी ‘प्रिन्स’ नावाने विकसित केलेल्या सूर्यचुलींपैकी मोठ्या आकाराच्या चुली सामुदायिक स्वयंपाकासाठी आहेत. या तिन्हीचे शास्त्र वेगवेगळे आहे. पण मला त्यांतून एक गोष्ट दिसते. जिथे आरसा फिरवण्याला वेतन किंवा निदान नेमून दिलेला माणूस मिळाला, तिथे सूर्यचुलीला बळ आले. घरात तेच काम बिनपगारी होते, म्हणून ते कोणाला दिसले नाही, आणि चूल मेली.

मोटार काय करते?

आता विद्यार्थ्यांच्या कुकरकडे. रचना बहुधा अशी असते : पेटीच्या दोन बाजूंना प्रकाश ओळखणारे दोन संवेदक, मध्ये छोटी आडभिंत. सूर्य सरकला की एका संवेदकावर सावली येते, आर्डुइनोची पाटी तो फरक ओळखते, मोटार पेटी फिरवते आणि दोन्हीकडचा उजेड पुन्हा सारखा होतो. परीक्षकासमोर विजेरी हलवली की पेटी मान वळवते. टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत.

त्यावर माझे तीन आक्षेप आहेत. पहिला, पेटीला एवढ्या अचूक फिरण्याची गरज नाही. सपाट काचेसमोरून सूर्य पंधरा अंश ढळला तर ऊन साडेतीन टक्के कमी होते, तीस अंश ढळला तर तेरा टक्के. आरशाची सावली पडू नये म्हणून दोन-तीन वेळा पेटी वळवावी लागते, तेवढेच श्रम मोटार वाचवते. हिवाळ्यात आडव्या काचेला माध्यान्हीसुद्धा पाऊण हिस्साच ऊन मिळते. तो तोटा दिवसाच्या चालीचा नसून क्रांतीचा आहे, आणि त्यावर काच दक्षिणेकडे तिरकी करणे हा बिनमोटारीचा उपाय आहे.

दुसरा, संवेदक सूर्य शोधतो. ज्याचा पत्ता पंचांगात छापलेला आहे त्याला रोज नव्याने शोधायचे कशाला? ढगाळ दिवशी तो संवेदक उजळ ढगाकडे तोंड करून बसतो. आमच्या शहरात सूर्य दिवाळीच्या सुमारास सव्वाबाराला माध्यान्हीवर येतो आणि फेब्रुवारीत पाऊण वाजायच्या बेतात. हे ठरलेले आहे. शेफ्लर यांचे घड्याळ सूर्याकडे पाहत नाही, म्हणूनच ढगानंतरही ते चुकत नाही. तबकडी फिरवायची असेल तर गणिताने फिरवावी; संवेदक असावा तो शेवटच्या अर्ध्या अंशाच्या दुरुस्तीपुरता.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. आईच्या त्या दिवसाची यादी पुन्हा पाहा. भरणे, वर नेणे, पुसणे, माकडांवर लक्ष, ढगाचा अंदाज, उतरवणे, फोडणी, भाकरी. मोटारीने त्यातली एक ओळ खोडली. ‘स्वयंचलित’ हा शब्द मात्र साऱ्या यादीवर छापला गेला.

घरी कोणी नसताना

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग गॅस आहेच की. सूर्यचुलीचा हट्ट सोडा. मला तो सोडता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीनुसार देशातली ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरत होती. उज्ज्वला योजना सुरू होऊन, म्हणजे मे २०१६ पासून, तेव्हा काही वर्षे लोटली होती. उरलेल्यांच्या घरात लाकूड, गोवऱ्या, आणि आमच्या मराठवाड्यात तुराट्या-पऱ्हाट्या. शेगडी आली तरी सिलिंडर संपल्यावर तो परवडेपर्यंत धूर परत येतो.

त्या घरातल्या बाईचा दिवस आराखड्याशेजारी ठेवून पाहावा. ती पहाटे भाकरी थापते, आठाला शेतावर किंवा बांधकामावर जाते, संध्याकाळी सहाला परतते, सातला पुन्हा चूल पेटवते. सूर्यचुलीचे भराचे तास अकरा ते तीन. नेमके तेव्हा घराला कुलूप असते. म्हणजे स्वयंचलनाची गरज सर्वांत जास्त तिलाच आहे, आणि ती सोय म्हणून नव्हे. ती घरी नसताना ऊन गोळा झाले पाहिजे आणि ती आल्यावर ते तव्याखाली मिळाले पाहिजे. आमचे विद्यार्थी आरसा जागेत फिरवतात. तिला हवे आहे ते ऊन वेळेत पुढे सरकवणे, दुपारचे रात्रीकडे. सूर्याचा पाठलाग हा तुलनेने सोपा प्रश्न होता, म्हणून आम्ही तो पुन्हा पुन्हा सोडवत बसलो.

साठवण अशक्य नाही. आपल्याच पायाखालचा काळा दगड घ्या, ज्यात वेरूळ-अजिंठा कोरले तो बेसाल्ट. वीस किलो दगड ३०० अंशांवरून १५० अंशांवर येताना सुमारे अडीच हजार किलोज्यूल देतो, म्हणजे विजेची ०.७ युनिट. चार माणसांच्या संध्याकाळच्या भाकऱ्यांचा मोठा भाग त्यात निघावा. अडचण दगडाला ३०० अंशांपर्यंत नेण्याची, ती उष्णता सहा तास धरून ठेवण्याची आणि तव्याला हवी तेव्हा हवी तेवढी देण्याची. हा खरा संशोधनाचा विषय आहे. वरण-भातासाठी तर त्याचीही गरज नाही. एक उकळी आलेले पातेले गोधडीत गुंडाळून ठेवण्याची रीत जुन्या घरांना ठाऊक होती.

अलीकडचे दोन प्रयत्न या दिशेचे आहेत. विदर्भाला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातील बांचा गावात आयआयटी मुंबईच्या रचनेचे सौर विजेवर चालणारे इंडक्शन चुलींचे संच घरोघर दिले गेले : छपरावर पॅनेल, घरात बॅटरी आणि चूल. इंडियन ऑइलने २२ जून २०२२ रोजी ‘सूर्य नूतन’ ही घरात बसणारी चूल जाहीर केली. पॅनेल बाहेर, चूल आत, मध्ये एक वायर, पोटात उष्णतेचा साठा, आणि ढगाळ दिवशी जोडीला वीज. शास्त्राच्या माणसाला यात एक बोचणी आहे. पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्साच वीज करते. चांगली तबकडी त्याच्या दुप्पट ऊन उष्णतेत आणते. तरीही बाजी वायरीकडे झुकते आहे, कारण वायर जिना चढते आणि बाईला चढावे लागत नाही. आमच्या मानकांत कार्यक्षमता म्हणजे उन्हातले किती अन्नात आले. स्वयंपाक करणारीच्या मानकात कार्यक्षमता म्हणजे तिच्या दिवसातले किती तिच्याकडे उरले. दुसरे मानक आम्ही कधी लिहिलेच नाही.

पण वायरीच्या चुलीतही एक अभिप्रेत माणूस आहे. त्याच्याकडे स्वतःचे छप्पर आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचा लाभही आधी छप्पर असणाऱ्यालाच सुचतो. क्रांती चौकाभोवती पाहिले तर सदनिका आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत, स्पर्धा परीक्षांसाठी खेड्यांतून आलेली मुले आहेत. एका गच्चीखाली बारा स्वयंपाकघरे, आणि गच्ची कोणाची यावरून वाद. इथे घरोघरी चूल न देता इमारतीला एक, किंवा वस्तीतल्या खानावळीला एक, अशी शिर्डीची लहान आवृत्ती अधिक शहाणपणाची ठरेल, असे मला वाटते. आरसा किंवा पॅनेल पुसणाऱ्याला तिथे पगार देता येतो.

या वर्षी एका गटाचा अहवाल आला. मोटार नीट चालत होती. मी विचारले, “यात जेवण केले का?” गटाचा म्होरक्या म्हणाला, “सर, चाचणीला पाणी उकळले.” मी सही केली नाही. आठ दिवस हा कुकर तुमच्यापैकी एकाच्या घरी चालवा म्हटले, दोन्ही वेळच्या जेवणाला, आणि तापमानाच्या तक्त्याशेजारी आणखी एक तक्ता ठेवा : वर कोण गेले, किती वेळा, कशासाठी. पोरे नाराज झाली. आठ दिवसांनी परतली तेव्हा दुसरा तक्ता पहिल्यापेक्षा लांब होता. त्यात ‘आई’ हा शब्द एकोणचाळीस वेळा आला होता, ‘मी’ चार वेळा, आणि मोटार जवळजवळ कुठेच नव्हती. अहवालाचे नाव त्यांनी आपणहून बदलले होते. ‘स्वयंचलित’ खोडून ‘फिरता’ केले होते. मी त्यावर सही केली.